फळीवरचे काटामास्तर

शॉकअप बसवून देणारे गल्लोगल्ली सापडतात. पण बसवलेला शॉकअप बरोबर लागला की नाही, हे स्वतःच्या बुडानं सांगणारा माणूस एकच होता. त्याला सगळे काटामास्तर म्हणत. सोनाराचा काटा जसा गुंजभर फरक दाखवतो तसा ह्यांचा बसायचा भाग दाखवतो, असं कुणीतरी गमतीत म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मास्तरांना त्याचा राग नव्हता. उलट एखाद्या नवख्या गिऱ्हाइकानं "मास्तर, तुमचं मोजायचं यंत्र कुठं आहे?" असं विचारलं की ते उठून उभे राहायचे आणि त्याच्याकडे पाठ करायचे. काउंटरवर बसलेली त्यांची बायको कपाळाला हात लावायची.

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं शटर, आत तेलानं काळी पडलेली फरशी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जुने शॉकअप. गाडीचं चाक आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये तो जो नळीएवढा दांडा असतो, त्याच्यावर ह्या घराची चूल पेटत होती. वर दोन खोल्यांत मास्तर, बायको आणि धाकटा भाऊ. दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की थेट कोरडा ओढा लागायचा, नुसते गोटे आणि खड्डे. दुसऱ्या कुणी ही जागा फुकट दिली तरी घेतली नसती. मास्तरांनी मात्र त्या ओढ्याकडे बघूनच दुकान घेतलं होतं.

आता ऑफरोडवाल्यांची जात मोठी गमतीची. रस्ता सोडून गाडी घालायची, दगडधोंड्यांतून, चिखलातून हिंडायचं आणि वर म्हणायचं, अंग दुखतं बुवा. त्यातल्या निम्म्यांना शॉकअप लाल रंगाचा हवा असतो, बाहेरून दिसणारा. असल्यांच्या गाडीनं केलेली सगळ्यात अवघड चढण म्हणजे सासऱ्याच्या दारातली पायरी. पण उरलेले खरे असतात. त्यांना काय हवं ते ते पोटतिडकीनं सांगू बघतात. दिवसभर गोट्यांवरून गेल्यावर आतलं तेल तापून शॉकअप ढिला पडू नये, खड्ड्यात आदळलो तर धाडकन आवाज होऊ नये, वळणावर गाडीनं अंग टाकू नये, शॉकअप बिघडला तर फेकून न देता उघडून दुरुस्त करता यावा. म्हणजे मऊ पण हवा आणि घट्ट पण हवा, आणि दोन्ही एकाच वेळी. म्हणून तर ते गाडीसोबत आलेले शॉकअप काढून बाहेरचे भारीतले बसवतात.

मास्तर हे सगळं ऐकायचे नाहीत. ऐकल्यासारखं करायचे. गिऱ्हाइकाचं तोंड उघडलं की म्हणायचे, "तुम्ही नुसतं बसा. काटा बोलेल."

त्यांची रीत ठरलेली होती. गाडीची मागची सीट काढून टाकायची, बरोबर मागच्या चाकांच्या वर एक उघडी लाकडी फळी बसवायची, तिच्यावर मास्तर अनवाणी. गादी नाही, उशी नाही, पायात चप्पल नाही. डोळे मिटलेले. धाकटा गाडी ओढ्यात घालायचा. खालून गोटे बोलायला लागले की मास्तर मागून ओरडायचे, "थांब. मागचा डावा एक टिक कस." धाकटा उतरायचा, वाकून शॉकअपवरची चकती एक टिक फिरवायचा आणि परत चढायचा. "आता पुढचे दोन्ही एकेक टिक सोड." असं करत करत एक क्षण यायचा की मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं आणि ते म्हणायचे, "लोणी!" लोणी म्हटलं की संपलं. त्यानंतर त्या चकतीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

धाकट्याची तर नव्हतीच. वडील गेले तेव्हा तो मास्तरांच्या कडेवर होता. दादानं वाढवलं, दादानं पाना धरायला शिकवलं. दादा पूर्व म्हणाला की सूर्यानं तिकडूनच उगवायचं, एवढाच त्याचा हिशेब होता.

गेले काही महिने मास्तर फार खुशीत होते. बाहेरून चढ्या दराचे नवे शॉकअप यायला लागले होते, बाजूला जास्तीचं तेल ठेवायची वेगळी डबी असलेले, चकतीला पुष्कळ टिक असलेले. मास्तरांना ते असे काही जमले होते की विचारू नका. पूर्वी एखादी गाडी जमवायला अख्खी दुपार जायची, आता दोन फेऱ्यांत लोणी. त्यांची जन्माची दुखणारी पाठसुद्धा गप्प झाली होती. रात्री जेवताना ते बायकोला सांगायचे, "अगं, हात बसला म्हणतात ना, तो हा. सगळ्या गाड्या कशा रेशमासारख्या चालायला लागल्यात."

"हात कशाला म्हणता? काय बसलंय ते सगळ्या गावाला माहीत आहे," बायको म्हणायची आणि धाकटा ताटात तोंड घालून हसायचा.

तशा दोन-तीन गोष्टी बायकोच्या नजरेला खटकल्या होत्या. एकदा मास्तर रस्त्यावरून एकाच पायात चप्पल घालून आले. दुसरी चौकात पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ती हसून हसून बेजार झाली होती. "उद्या डोकं विसरून याल," म्हणाली. एकदा त्यांच्या पोटरीवर गरम सायलेन्सर लागून भाजल्याचा फोड दिसला. "कधी लागलं?" विचारलं तर म्हणाले, "लागलं असेल. आमचं कातडं गेंड्याचं." मोरीत त्यांना आता फार वेळ लागायचा, पण वय झालं की हे व्हायचंच असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नव्या शॉकअपवाल्यांत एक मोजणीवाल्या ताई होत्या. जमिनी मोजायचं त्यांचं काम, रोज गाडी घेऊन रानोमाळ. शॉकअप बसवून नेल्यावर आठवड्याभरात परत आल्या आणि काउंटरपाशी कंबर धरून उभ्या राहिल्या.

"मास्तर, हे फार कडक झालंय. मणके सुटे होतायत माझे."

"नवीन आहे ताई. रुळेल."

"रुळेल कसलं? गोट्यांवर चाक जमिनीला टेकतच नाही. गाडी नुसती उड्या मारते आणि वळणावर बाजूला सरकते. जरा सैल करून द्या. मला काय हवंय ते मी सांगते—"

"सांगायचं काही नाही," मास्तर म्हणाले. "फळीवर मी स्वतः बसलो होतो. लोणी आहे लोणी. राग मानू नका, पण नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत आहे. गाडी जरा हळू घाला."

ताईंचा चेहरा पडला. धाकटा हातातला पाना तसाच धरून दादाकडे बघत होता. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तो खाली वाकला आणि गाडीखाली शिरला. ताई निघून गेल्या.

पंधरवड्यानं दुकानासमोर एक ट्रक थांबला. ट्रकवर ताईंची गाडी होती, एका अंगानं चेपलेली, काच नसलेली. ट्रकवाला उतरून म्हणाला, "बाईंनी इथंच टाकायला सांगितलीय. वळणावरून खाली गेली. बाई वाचल्या, पण गळ्यापाशी हाड मोडलंय."

मास्तरांच्या हातातला चहा हातातच राहिला. त्यांनी बसवलेला शॉकअप आणि गाडी वळणावरून खाली? असं आजवर झालंच नव्हतं. ते तरातरा गाडीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि वाकून चकती बघितली. बघितली आणि गार पडले. चकती शेवटच्या टिकापर्यंत कसलेली होती. दुसऱ्या बाजूची बघितली, तीही तशीच. चारही. असा कसलेला शॉकअप म्हणजे शॉकअप नव्हेच, पहार. गोट्यावर चाक उडालं की पुन्हा जमिनीला भिडायचं नावच घेणार नाही.

मास्तर उठले तेव्हाचा त्यांचा तसला चेहरा धाकट्यानं आजवर पाहिलेला नव्हता.

"कुणी हात लावला ह्याला?"

"कुणी नाही दादा."

"कुणी नाही? मग भुतानं फिरवली? ह्या दुकानात चकती दोनच गोष्टींनी फिरते. एक माझा शब्द आणि दुसरा तुझा हात. माझ्या मागं गाड्या कसून ठेवतोस? कुणाचं ऐकून? माझं नाव घालवायचंय तुला?"

जन्मात पहिल्यांदा धाकटा दादाला उलटून बोलला. "दादा, तूच म्हणालास, कस. प्रत्येक वेळी म्हणालास, कस. ताईंच्याच नाही, सगळ्यांच्या. पुढं बसून माझेपण दात आपटत होते, पण मला वाटलं तुला जे कळतं ते मला काय कळणार? तू मागं बसून हसत होतास दादा."

"मी?" मास्तर म्हणाले.

बायको काउंटरमागून बाहेर आली होती. तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. दुकानात आणखी एक गाडी तयार उभी होती, कालच लोणी ठरलेली. दुसऱ्या दिवशी तिचा मालक बायकापोरांना घेऊन डोंगरात जाणार होता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली. "भाऊजी, ही गाडी काढा ओढ्यात. मी बसते फळीवर."

"तू?" मास्तर म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही बसायची जागा आहे की नाही? ती देवानं सगळ्यांनाच दिलीय."

एवढ्या कठीण प्रसंगातही धाकट्याला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं.

फळीवर दोघं बसले. मास्तर नेहमीसारखे अनवाणी, डोळे मिटून. बायकोनं एका हातानं वरचा गज आणि दुसऱ्यानं फळी घट्ट धरली. गाडी ओढ्यात उतरली. पहिल्या गोट्याला बायको फळीवरून वर उडाली आणि धपकन खाली आली. दुसऱ्याला तिचं डोकं टपाला लागलं. "थांबवा!" ती ओरडली, पण खडखडाटात धाकट्याला ऐकू गेलं नाही. मास्तरांना गेलं. त्यांना वाटलं बायको हौसेनं ओरडतेय. आयुष्यात पहिल्यांदा बसलीय, जरा भीती, जरा गंमत. त्यांना बरंही वाटलं. त्यांना खालून काहीच बोचत नव्हतं. गाडी तळ्यातल्या होडीसारखी चालली होती. म्हणजे धाकटा खोटं बोलत होता, आपला काटा शाबूत होता.

"बघ," डोळे मिटूनच ते म्हणाले. "आहे की नाही लोणी?"

मास्तरांनी डोळे उघडले. बायकोच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तिची जीभ दातांखाली सापडली होती. पण ती स्वतःच्या तोंडाला हात लावत नव्हती. डोळे फाडून ती खाली बघत होती आणि बोटानं दाखवत होती. मास्तरांनी तिकडे बघितलं. गाडीत ठेवलेला लोखंडी जॅक घसरत येऊन त्यांच्या उघड्या पावलावर पडला होता. अंगठ्याचं नख उपटलं होतं. पत्र्यावर रक्ताचं थारोळं झालं होतं आणि पाऊल त्या जॅकखाली तसंच होतं, कुणा दुसऱ्याचं असावं तसं.

मास्तर त्या पावलाकडे बघत राहिले. गाडी थांबली, धाकटा धावत मागं आला, त्यानं जॅक उचलला. तरीही मास्तरांना काही कळलं नाही. उचलल्याचं त्यांनी फक्त पाहिलं.

"दुखत नाही?" बायको म्हणाली. तोंडात रक्त होतं, त्यामुळे शब्द जड येत होते. "अहो, दुखत नाही तुम्हाला?"

मास्तरांनी नुसती मान हलवली. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, पण सरकली तर ती निदान कळते. त्यांना ती होती की नव्हती हेच कळत नव्हतं.

धाकट्यानं त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पालथं झोपवलं आणि हातात टाचणी घेतली.

"टोचलं की हो म्हणा."

मास्तर वाट बघत राहिले. बराच वेळ झाला. शेवटी कंटाळून म्हणाले, "डॉक्टर, टोचा ना एकदाचं."

बायको पलंगाच्या कडेला उभी होती. डॉक्टर दोन्ही पायांवर, मांड्यांच्या मागं, बसायच्या सगळ्या जागेवर केव्हापासून टाचणी टोचत होते हे तिनं पाहिलं होतं. काही ठिकाणी रक्ताचे ठिपके आले होते. तिनं पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीकडे वळली.

"किती दिवस हे असं आहे?" डॉक्टरांनी आवाज चढवूनच विचारलं. "लघवीला त्रास? पाठ अचानक दुखायची थांबली? आणि तुम्हाला बरं वाटलं? अहो, पाठीतली गादी सरकून सगळ्या शिरा चेपल्या आहेत. आयुष्यभर काय दगडांवर आपटत होतात काय?"

"हो," मास्तर म्हणाले. डॉक्टरांना ती थट्टा वाटली.

ऑपरेशन त्याच दिवशी ठरलं. चालणं वाचवायचा प्रयत्न करू, डॉक्टर म्हणाले, पण बसायच्या भागाची जाणीव परत येईल याची खात्री नाही. दाराआड न्यायच्या आधी मास्तरांनी धाकट्याचा हात धरला. "सगळ्यांना फोन कर. ज्यांना ज्यांना मी लोणी म्हणालो त्या सगळ्यांना. म्हणावं, गाड्या बाहेर काढू नका. आणि त्या बायकापोरांवाल्याला आधी." मग म्हणाले, "मी तुला काय काय बोललो रे." धाकटा ढसाढसा रडला. त्याला रडताना बघून मास्तरांनाही रडू आलं, आणि दोघांना रडताना बघून वॉर्डबॉय म्हणाला, "अहो, निदान स्ट्रेचर तरी सोडा."

चालणं वाचलं. काठी आली, पण चालणं वाचलं. टाचांना थोडी जाण आली. बसायची जागा मात्र गेली ती गेली. खुर्चीवर बसलं तरी मास्तरांना आपण हवेत बसलोय असं वाटायचं आणि ते हातानं चाचपून खात्री करून घ्यायचे. गाड्या परत आल्या. धाकट्यानं एकेक ओढ्यात घातली. फळीवर तो गाडीच्या मालकालाच बसवायचा आणि विचारायचा, काय वाटतं? मास्तर मागच्या दारात खुर्ची टाकून बघत बसायचे. माणसं काय काय सांगत होती! कुणाच्या बापाची मान धरलेली असायची, कुणाला आपली चिमुरडी मागच्या सीटवर शांत झोपून राहायला हवी असायची. इतकी वर्षं ही माणसं हेच सांगायला तोंड उघडत होती आणि आपण ते मिटवत होतो, हे कळून मास्तर रोज नव्यानं सुन्न व्हायचे.

आणि एका सकाळी मोजणीवाल्या ताई आल्या. गाडी दुरुस्त झाली होती, ती न्यायला. हात गळ्यात बांधलेला. बरोबर गाडी चालवायला त्यांचा भाचा होता, तो बाहेरच थांबला.

मास्तर काठी टेकत उठले आणि पुढं आले. बायको काउंटरवरून बघत राहिली.

"ताई," ते म्हणाले, "गाडीचा दोष नव्हता. शॉकअपचा नव्हता. तुमच्या चालवण्याचा तर नव्हताच. मला खालचं काही कळतच नव्हतं. काहीच लागत नव्हतं, म्हणून गाडी फार मऊ वाटायची आणि मी कस कस म्हणत राहायचो, शेवटच्या टिकापर्यंत कसली तरी सगळं लोणीच वाटत होतं. तुम्ही सांगायला आलात आणि मी तुम्हालाच नावं ठेवली."

ताई रागावून आल्या असाव्यात, पण काठीकडे नजर गेली आणि तो राग विरला.

"भाऊ आज पुन्हा जमवून देईल," मास्तर म्हणाले. "तुम्हाला हवं तसं. पण त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. काय हवं होतं तुम्हाला?"

"आता काय त्याचं?" ताई म्हणाल्या.

"सांगा."

"फार काही नाही हो. माझी आई अंथरुणावर असते. दिवसभराचं काम झालं की संध्याकाळी तिला उचलून न्हाणीत न्यावं लागतं, परत आणून निजवावं लागतं. दुसऱ्या कुणाचा हात तिला लावून घ्यायचा नसतो. दिवसभर गाडीत आपटून घेतलं तरी तेवढ्यापुरती पाठ शिल्लक राहावी, एवढंच हवं होतं. म्हणून तर भारीतले घेतले."

मास्तरांनी त्यांच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, आणि विचारताना त्यांना उत्तर नको होतं.

"मग आता कोण उचलतं?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. "ती म्हणते, तुझा हात बरा होईपर्यंत थांबते मी. जागेवरच असते. अंगाखाली जखमा झाल्यात. डॉक्टर म्हणाले, आता तिला त्या दुखतही नसतील."

मास्तर खाली बसले. खुर्ची मागं आहे की नाही हे न चाचपता बसले आणि फरशीवर आदळले. धाकटा धावला, ताई पुढं झाल्या. कुठं लागलं का, असं सगळे विचारत होते. मास्तर वर बघून म्हणत होते, "मला नाही. मला नाही. ताईंच्या आईला बघा आधी."

बायकोनं काउंटरचा गल्ला बंद केला आणि चप्पल पायात घातली.

"चला ताई," ती म्हणाली. "तुमच्या आई हात लावू देवोत की न देवोत, मी येते."